जुना जपानी बेस गिटार: घेताना आणि सांभाळताना पडणारे प्रश्न

‘जुना जपानी’ म्हणजे नेमका कोणत्या काळातला?

जपानमधली दुकाने ‘जापान व्हिंटेज’ हा शब्द साधारण १९७० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या वाद्यांना लावतात. त्याआधीच्या टेस्को आणि गुयाटोन या ब्रँडांच्या बेसची जातकुळी वेगळी. त्यांचे स्केल (तारेची वाजती लांबी) आखूड, ब्रिज (बॉडीवर तारा अडकवतात तो भाग) कधीकधी लाकडी, आणि स्वस्त मॉडेलांच्या नेकमध्ये, म्हणजे मानेत, नुसती पोलादी पट्टी असते, फिरवून नेकचा बाक जुळवता येईल असा ट्रस रॉड नसतोच. भिंतीवर झकास दिसतात. पण असा नेक वाकला की दुरुस्ती वाद्यापेक्षा महाग पडते. वाजवायला बेस हवा असेल तर १९७७ ते १९८७ ही दहा वर्षे धरून शोधावे.

नावे इतकी दिसतात. खरे बनवणारे कोण?

हेडस्टॉकवरचे (नेकच्या खुंट्यांकडच्या टोकावरचे) नाव बहुतेक वेळा विकणाऱ्याचे असते, बनवणाऱ्याचे नव्हे. नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो शहरात दोन मोठे कारखाने होते. फुजिगेन गाक्की १९६० मध्ये सुरू झाला. कांदा शोकाई या विक्रेत्या कंपनीसाठी ग्रेको, नागोयाच्या होशिनो गाक्कीसाठी आयबानेझ आणि १९८२ पासून अमेरिकी फेंडरचे फेंडर जपान, हा बराचसा माल तिथला. दुसरा मात्सुमोकू. आरिया प्रो टू, वेस्टोन, व्हँटेज ही नावे त्याच्याकडून बाहेर पडली, आणि १९८७ मध्ये तो बंद झाला. तोकाई आणि यामाहा हामामात्सुचे. फर्नांडेसचा माल वेगवेगळ्या कारखान्यांतून आला, त्यामुळे त्या नावावरून दर्जाचा अंदाज बांधू नये.

म्हणून ग्रेको की आयबानेझ हा वाद फारसा कामाचा नाही. त्याच वर्षीचे, त्याच किमतीचे दोन्ही बेस एकाच छपराखाली बनलेले असू शकतात.

‘लॉसूट’ बेस म्हणजे काय? त्याला जास्त पैसे द्यावेत का?

देऊ नयेत. लॉसूट म्हणजे खटला. खटल्यात अडकलेली नक्कल म्हणून विक्रेते कितीतरी बेसना हा शब्द लावतात, पण खटला एकच झाला. गिब्सन या अमेरिकी गिटार कंपनीची तेव्हाची मालक कंपनी नॉर्लिन हिने जून १९७७ मध्ये अमेरिकेत एल्गर या होशिनोच्या कंपनीवर दावा लावला. विषय हेडस्टॉकच्या आकाराचा होता. १९७८ मध्ये तडजोड झाली. फेंडर घाटाच्या बेसशी त्याचा काही संबंध नव्हता, तोकाईवर किंवा ग्रेकोवर तो दावा नव्हता, आणि आयबानेझने तर आपला हेडस्टॉक आधीच बदलायला घेतला होता. जाहिरातीत हा शब्द दिसला तर समजावे की विक्रेत्याला एकतर इतिहास माहीत नाही किंवा तो तुम्हाला माहीत नसावा अशी त्याची अपेक्षा आहे.

मॉडेलच्या नावातला आकडा काय सांगतो?

बऱ्याच जपानी कंपन्यांच्या मॉडेलांत तो मूळ किंमत सांगतो. फेंडर जपानचा जेबी६२-११५ म्हणजे १९६२ च्या घाटाचा जॅझ बेस (फेंडरचे एक मॉडेल), किंमत १,१५,००० येन. आरियाचा एसबी-१००० एक लाखाचा, यामाहाचा बीबी१२०० एक लाख वीस हजारांचा. म्हणजे एकाच घाटाच्या ४५ आणि ८० आकड्यांच्या दोन बेसमध्ये लाकूड, पिकअप (तारांची कंपने पकडणारे चुंबकी भाग), फिनिश सगळेच वेगळे असते. तळाच्या किमतीत, विशेषतः १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात, प्लायवुडच्या बॉडीही सापडतात. पिकअपच्या खाचेत दिवा धरला की थर दिसतात.

साल कसे ओळखायचे?

आयबानेझवर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पहिले अक्षर महिना आणि पुढचे दोन आकडे वर्ष असते. ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. एफ७८ म्हणजे जून १९७८. ग्रेकोवरही बहुधा हीच पद्धत. मात्सुमोकूच्या मालावर बहुतेक वेळा पहिला एक किंवा पहिले दोन आकडे वर्षाचे, तोकाईवर पहिला एकच आकडा, म्हणजे ९ असेल तर १९७९ आणि १ असेल तर १९८१.

फेंडर जपान आणि फेंडरचाच स्वस्त ब्रँड स्क्वायर यांच्या जपानी मालावरची अक्षरे अशी: जेव्ही १९८२ ते ८४, एसक्यू १९८३ ते ८४, ई १९८४ ते ८७. १९९७ च्या सुमारास ‘मेड इन जपान’ जाऊन ‘क्राफ्टेड इन जपान’ आले. त्यावरून काळ कळतो, दर्जा नाही.

जेव्हीच्या बाबतीत एक सावधगिरी. क्रमांक नेक प्लेटवर (नेक बॉडीला जोडणाऱ्या मागच्या धातूच्या प्लेटवर) असेल तर ती प्लेट चार स्क्रू काढले की हातात येते, आणि नुसत्या प्लेटाही विकल्या जातात. म्हणून नेक उतरवून तळाचा शिक्का, नेकच्या खाचेतली खूण आणि पॉटच्या (नॉबखालच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) पाठीवरचे आकडे यांचे फोटो मागावेत. हे सगळे एकाच काळाकडे बोट दाखवत असेल तरच जेव्हीचा भाव द्यावा. ग्रेको किंवा फर्नांडेसचा लोगो घासून त्यावर फेंडरचे डिकल (चिकटवायचा लोगो) लावलेले नगही फिरतात. हेडस्टॉकवर तिरपा उजेड पाडला की जुन्या लोगोची कड दिसते.

पाहायला गेल्यावर सर्वांत आधी काय तपासावे?

नेक. मग पुन्हा नेक. बाकी सगळे बदलता येते. पॉट, पिकअप, ब्रिज, खुंट्या, वायरिंग, सगळ्याला पर्याय मिळतो. चार तारांचा मिळून ८० किलोच्या आसपासचा ओढ चाळीस वर्षे सोसलेला नेक मात्र एकतर शाबूत असतो किंवा नसतो.

बेस सुरात लावून घ्या, कारण सैल तारांवर केलेली तपासणी फुकट जाते. नेकवरच्या आडव्या धातूपट्ट्या म्हणजे फ्रेट; त्यांतल्या पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर सर्वांत जाड, म्हणजे ई तार एकाच वेळी दाबा. आता तीच तुमची सरळ पट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांच्यात ०.२५ ते ०.४ मिमी फट असेल तर उत्तम. फट जास्त असेल तर नेक पुढे वाकला आहे, अजिबात नसेल तर मागे. हेच सर्वांत बारीक, म्हणजे जी तारेवर करा. दोन्हीकडचे माप फार वेगळे आले तर नेकला पीळ आहे, आणि पीळ ट्रस रॉडने सुटत नाही.

सर्वांत मोठी फट सातव्याऐवजी बाराव्या-चौदाव्या फ्रेटपाशी आली तर नेक बॉडीला जुळतो तिथून वर उचलला गेला आहे. जुन्या बेसचा हा नेहमीचा रोग. रॉड तिथवर पोचत नाही, म्हणून कितीही आवळला तरी वरचे फ्रेट खणखणतातच. उपाय दोन: वरच्या फ्रेटांना उतार देऊन लेव्हलिंग (फ्रेट घासून जुळवणे), किंवा फ्रेट काढून फिंगरबोर्ड सपाट करणे. दोन्ही कारागिराची कामे, त्यामुळे तो खर्च आधीच किमतीतून वजा करा.

मग रॉड. विक्रेत्याला विचारून आधी पाव फेरा सैल करा आणि नंतर मूळ जागी आणा. रॉडच्या टोकाचा नट फिरतो आणि फट बदलते असे दिसले की रॉड जिवंत. नट आधीच तळाला टेकलेला असेल आणि नेक तरीही पुढे वाकलेला असेल, तर बेस तिथेच ठेवून घरी या.

शेवटी सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ते तुकडे. ते पार खाली बसलेले असून तारा अजूनही उंच असतील तर बोल्ट-ऑन, म्हणजे नेक स्क्रूंनी जोडलेल्या बेसला इलाज सोपा आहे. नेकच्या खाचेत, पिकअपकडच्या टोकाला ०.५ मिमीची लाकडी पातळ पट्टी ठेवली की नेक मागे कलतो. पण एसबी-१००० किंवा बीबी१२०० सारखा, नेक बॉडीतून आरपार गेलेला बेस असेल तर पट्टी ठेवायला जागाच नाही. अशा बेसचे सॅडल तळाला टेकलेले दिसले तर किंमत कितीही मोहात पाडो, घेऊ नका.

जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटजवळ एखादा सूर लगेच विझतो. दोष आहे का?

बोल्ट-ऑन बेसमध्ये हे सर्रास आढळते, नव्यातही. त्या सुराच्या कंपनात नेकच थरथरतो आणि तारेची शक्ती खाऊन टाकतो. हेडस्टॉकला छोटे वजन लावले की ती जागा थोडी सरकते. भाव पाडायला हा मुद्दा वापरू नये, जाणकार विक्रेता हसेल.

जपानी जाहिराती यंत्राने भाषांतरित केल्या तर काहीच कळत नाही. कोणते शब्द ओळखावेत?

जपानी विक्रेते दोष लपवण्यापेक्षा नोंदवणे पसंत करतात. फक्त ते ठरावीक शब्दांत नोंदवतात.

‘जुनझोरी’ म्हणजे नेक पुढे वाकलेला, ‘ग्याकुझोरी’ म्हणजे मागे. दोन्ही थोडे असतील तर घाबरायचे कारण नाही. ‘नेजिरे’ म्हणजे पीळ. ‘मोतोओकी’ म्हणजे वर सांगितलेला, तळाशी उचललेला नेक. हे दोन शब्द दिसले की पान बंद करावे किंवा किंमत निम्मी धरावी. ‘तोरासु रोद्दो योयू आरी’ म्हणजे रॉडला अजून वाव आहे, हे वाक्य मिळेपर्यंत विचारत राहावे. ‘फुरेट्टो नोकोरी’ म्हणजे फ्रेट किती उरले, आणि ते ‘वारी’त सांगतात. एक वारी म्हणजे दहा टक्के, पंढरीशी संबंध नाही. सात वारी चांगले, पाच वारी म्हणजे एखादे लेव्हलिंग निघेल, त्याखाली नवे फ्रेट घालावे लागतील. ‘गारी’ म्हणजे पॉटची खरखर, ती किरकोळ. ‘दाकोन’ म्हणजे ठोकर लागून पडलेला खड्डा.

‘जान्कु’ लिहिले असेल तर चालेल याची कोणतीही हमी नाही. ‘गेन्जो-वाताशी’ म्हणजे आहे त्या स्थितीत. ‘नो-कुरेमु, नो-रितान’ म्हणजे नंतर तक्रार नाही आणि परतही नाही, आणि ते शब्दशः पाळले जाते.

जपानमध्ये शोधायचे कुठे?

तोक्योत जाणे होणार असेल तर ओचानोमिझु. स्टेशनातून बाहेर पडल्यावर गिटारच्या दुकानांची रांगच लागते आणि बेससाठी वेगळे मजलेही सापडतात. भाव चढे, पण सेटअप झालेला असतो. हार्ड ऑफ या जुन्या मालाच्या दुकानसाखळीच्या शाखांमध्ये जान्कु कोपरे असतात. बेस हातात घेऊन तपासता येत असेल तरच तिथे जावे. घरबसल्या शोधायला डिजिमार्ट बरे, कारण तिथे नोंदणी दुकानांची असते आणि मालाचे वर्णन तपशीलवार मिळते. याहू ऑक्शन्सवर स्वस्त पडते, पण बहुतेक विक्रेते परदेशी पाठवत नसल्याने मध्यस्थ सेवा लागते आणि तिचे शुल्क वेगळे.

भारतात मागवताना काय लक्षात ठेवावे?

कुरियर कंपन्या आकारमानाचे वजन धरतात: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. हार्ड केससह १३० × ४५ × २० चे खोके म्हणजे २३.४ किलो, आत बेस पाच किलोचा असला तरी. बोल्ट-ऑन बेसचा नेक उतरवून ९५ × ४० × १६ च्या खोक्यात बसवला तर तेच १२.२ किलो होते. नेक उतरवताना चारही स्क्रू ज्याच्या त्याच्या भोकाच्या खुणेसह पिशवीत ठेवायला सांगावे.

आरपार नेकचा बेस असेल तर केस हवीच. तारा दोन-तीन सूर उतरवाव्यात, पूर्ण सैल करू नयेत. हेडस्टॉकखाली भरणा हवा, कारण खोके आपटले की तडा नटच्या (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागेच जातो.

विजेवर आवाज वाढवायच्या वाद्यांचा सीमाशुल्क शीर्षक क्रमांक ९२०७ आहे. पाठवणाऱ्याला कागदावर तो लिहायला सांगितले की वर्गीकरणाचा घोळ टळतो. कराचा दर मागवण्याच्या दिवशी तपासून मगच बोली लावावी.

रोझवूडच्या फिंगरबोर्डमुळे अडचण येते का?

सगळ्या दल्बर्जिया, म्हणजे रोझवूडच्या जाती २ जानेवारी २०१७ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आल्या होत्या. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. जपानी कारखान्यांनी जे इंडियन रोझवूड वापरले ते म्हणजे आपले शिसवी, आजीच्या कपाटाचे लाकूड. त्याची चिंता नाही. जपानी विक्रेते ज्याला ‘हाकारांदा’ म्हणतात ते ब्राझिलियन रोझवूड मात्र १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे आणि त्याला ही सूट लागू नाही. जाहिरातीत तो शब्द असेल तर कागदपत्रांशिवाय मागवू नये.

जाता जाता: जाहिरातीत बॉडी ‘सेन’ची लिहिलेली आढळेल. हे अ‍ॅशसारख्या रेषांचे जपानी लाकूड, तेव्हा मुबलक वापरलेले. त्यात कमीपणा काही नाही.

सेटअपची मापे काय ठेवावीत?

क्रम पाळा: नेकचा बाक, मग सॅडलची उंची, मग इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणे), शेवटी पिकअप. क्रम मोडला की सगळे पुन्हा करावे लागते.

बाक ०.३ मिमी. रॉड एका वेळी पाव फेराच फिरवा, पुन्हा सुरात लावा आणि दुसऱ्या दिवशी मोजा. उजवीकडे फिरवला की बाक कमी होतो. १९६० च्या घाटाच्या बऱ्याच मॉडेलांत रॉडचा नट नेकच्या बॉडीकडच्या टोकाला असतो. तिथे तारा सैल करून नेक थोडा उचलावा लागतो. नेक बाहेर असताना अंदाजाने अर्धा फेरा मारण्याचा मोह टाळा.

बाराव्या फ्रेटवर ई तार २.५ मिमी, जी तार २ मिमी. बोटांऐवजी पिकने जोरात वाजवणाऱ्यांनी दोन्ही अर्धा मिमी वाढवावे. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर चढा येत असेल तर सॅडल मागे, उतरा येत असेल तर पुढे. शेवटची फ्रेट दाबून तार आणि पिकअपमधले अंतर ई कडे ३ मिमी, जी कडे २.२ मिमीच्या आसपास. पिकअप फार जवळ आला की चुंबक तारेला ओढतो आणि ई तारेचा सूर डगमगतो. इंटोनेशन जमत नाही अशी तक्रार असलेल्या बेसमध्ये आधी हे पाहावे.

स्क्रूची डोकी खराब होतात. असे का?

कारण तुमचा ड्रायव्हर फिलिप्सचा आहे आणि स्क्रू जेआयएस या जपानी औद्योगिक मानकाच्या मापाचे. खाच दिसायला सारखीच, पण फिलिप्सचे टोक तळापर्यंत बसत नाही आणि जोर लावला की वर निसटते. जेआयएस ड्रायव्हरचा एक संच घ्या. जुन्या बेसवर खर्च करायचा पहिला पैसा यावर. अ‍ॅलन की मिलिमीटरच्याच: सॅडलला बहुधा १.५ मिमी लागते. अमेरिकी ०.०५० इंची की त्यात सैल फिरते आणि कोपरे गोल करून ठेवते.

लाकडातल्या स्क्रूचे आटे गेले असतील तर लाकडी टूथपिक फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात भरा, एक दिवस वाळू द्या, वर आलेले कापा आणि स्क्रू हातानेच बसवा. जाडा स्क्रू ठोकून बसवू नका.

अमेरिकी सुटे भाग बसतात का?

काही बसतात, पण मोजल्याशिवाय मागवू नका. जपानी पॉटचा दांडा ६ मिमीचा, अमेरिकीचा ६.३५. म्हणून मूळ नॉब नव्या पॉटवर चढत नाही. अमेरिकी पॉटच्या आट्यांना ९.५ मिमीचे भोक लागते, जपानी भोक त्याहून लहान असते. कंट्रोल प्लेटचे भोक मोठे करण्यापेक्षा मेट्रिक पॉट शोधावा. जॅझ बेसवर फेंडरचा पुढचा पिकअप सुमारे ९२ मिमी आणि मागचा ९४.५ मिमी लांब, पण जुन्या जपानी बेसवर कधीकधी दोन्ही एकाच मापाचे निघतात. खुंट्यांसाठी भोकाचा व्यास आणि स्क्रूंमधले अंतर व्हर्नियरने मोजावे.

काढलेला प्रत्येक मूळ भाग डबीत ठेवा. विकताना लागतो.

पिकअप मेला आहे की नुसते वायरिंग बिघडले आहे?

मल्टिमीटर लावा. पी बेसचा (फेंडरच्या प्रिसिजन मॉडेलचा) पिकअप १० ते ११ किलोओहम, जॅझचा ७ ते ८ दाखवतो. अनंत दाखवला तर गुंडाळीची तार तुटली आहे, ती गुंडाळून मिळते. आकडा बरोबर असेल तर दोष पॉट, जॅक किंवा डाखात आहे. खरखरणाऱ्या पॉटमध्ये वंगण असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा मारून पंचवीस-तीस वेळा फिरवा. दारा-खिडक्यांचे गंज काढायचे तेल नको, त्यावर नंतर धूळ चिकटते.

पिकअप आत बुडत असेल तर खालचा फोम कुजला आहे. चाळीस वर्षांत त्याचा चिकट भुगा होतो. खरवडून काढा आणि नवा दाट फोम किंवा स्प्रिंग घाला. दहा मिनिटांचे काम.

अ‍ॅक्टिव्ह बेस घ्यावा का?

अ‍ॅक्टिव्ह म्हणजे आत बॅटरीवर चालणारे सर्किट असलेला. ते चालू असेल तर जरूर. एसबी-१००० चा सहा टप्प्यांचा रोटरी स्विच हेच त्याचे वैशिष्ट्य आहे आणि नेमका तोच भाग बदली मिळायला अवघड. काही जुने प्रीअँप (हेच आतले सर्किट) राळेत ओतलेले असतात, ते उघडून दुरुस्त होत नाहीत. सहाही टप्पे वाजवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. त्याला ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लागतात, दोन्ही एकदमच बदलाव्या. वाजवून झाल्यावर केबल काढा, नाहीतर बॅटरी रात्रभर झिजते.

बॅटरीची पेटी उघडून पाहणे विसरू नका. अल्कलाइन बॅटरी गळलेली असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. जुन्या झिंक-कार्बन बॅटरीचे गळणे आम्लधर्मी असते, त्याला खाण्याच्या सोड्याचे पाणी. मग दोन्हीकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल.

मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या पावसाळ्यात काय करावे?

आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राहिली तर नेक स्वस्थ असतो. आपल्याकडे जूनपासून ती त्याच्या कितीतरी वर जाते. दहा-पंधरा रुपयांच्या दोन पुड्यांनी काही होत नाही. केसमध्ये निदान २०० ग्रॅम रंग बदलणारी सिलिका जेल कापडी पिशवीत ठेवा आणि रंग उतरला की मंद तव्यावर वाळवा. छोटा आर्द्रतामापकही आत असू द्या. मूळ जुन्या केसचे अस्तर बुरशी धरते, त्यामुळे पावसाळ्यात बेस त्यात बंद ठेवू नये. बाहेरच्या भिंतीवरही टांगू नये.

जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये बाक मोजा, गरज असेल तरच रॉडला हात लावा. सॅडलच्या बारीक स्क्रूंना वर्षातून एकदा काडीच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब द्या. गंजाने ते अडकले की तुटतात.

पुन्हा रंगवून घ्यावा का?

नको. मूळ जाड पॉलिएस्टर काढणेच कष्टाचे, आणि नंतर किंमत पडते ती वेगळीच.

बेसबरोबर जुना जपानी अँपही मिळतोय. इथे चालेल?

जपानची वीज १०० व्होल्टची आहे. थेट आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावला तर पहिल्याच क्षणी जळेल. २३० चे १०० करणारा ट्रान्सफॉर्मर लागेल, अँपच्या पाठीवर लिहिलेल्या वॅटच्या किमान दीडपट क्षमतेचा. जुन्या जपानी अँपची पिन बहुधा दोनच दांड्यांची असते, म्हणजे अर्थिंग नाही. कुशल तंत्रज्ञाकडून तीन पिनांची वायर बसवून घ्या आणि मगच तारांना हात लावा, कारण बेसचा ब्रिज, तारा आणि अँपचे चेसिस एकाच जोडणीत असतात.